मध्ये किती अंतर ठेवायचं?

वन्यजीव संरक्षण कायद्यातली 'शिकार' या शब्दाची व्याख्या शिकाऱ्यांपेक्षा अभ्यासकांनी बारकाईने वाचावी अशी आहे. १९७२ च्या या कायद्यात जनावर मारणं आणि विष घालणं तर आलंच. पण ते पकडणं, फासे-सापळे लावणं, हाकारा घालणं, आमिष ठेवणं, पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी-घरटी विस्कटणं हेही सगळं शिकारीतच मोडतं. म्हणजे पहाटे जाळ्यात सापडलेल्या वटवट्याच्या पायात कडं घालून त्याला लगेच सोडून देणारा पक्षी-अभ्यासक कायद्याच्या लेखी शिकारीच. फरक इतकाच, की त्याच्याकडे कलम १२ खाली मिळालेला परवाना असतो. अभ्यासकांना ही व्याख्या टोचते. मला ती रास्त वाटते. आपला हेतू जनावराला कळत नाही, पकडलं जाणं मात्र नेमकं कळतं.

रानात काम करताना जनावरांशी कसं वागावं यावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगभर बरेच वाद झाले. 'जंगलात जाऊच नका' म्हणणारे एकीकडे आणि 'विज्ञानासाठी एवढं चालायचंच' म्हणणारे दुसरीकडे. दोघांचं एक गृहीत मात्र सारखंच असतं: त्रास झाला तर तो दिसतो. जनावर पळालं, ओरडलं, अंगावर आलं तर त्रास झाला. जागेवर बसून राहिलं तर सगळं आलबेल. या विषयावरचा पुरावा नीट लावून पाहिला तर पहिल्यांदा हेच गृहीत कोसळतं.

सुरुवात बंदुकीपासून करावी लागते. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्षी-सस्तनांचा संग्रह नावाजलेला आहे, आणि त्यातले असंख्य नमुने छर्ऱ्यांनी पाडलेले आहेत. सालिम अलींचं पक्षिप्रेम सुरू झालं तेच मुळी लहानपणी स्वतः मारलेल्या पीतकंठी चिमणीपासून. ती कोणती हे विचारायला ते सोसायटीत गेले आणि तिथल्या मिलर्ड साहेबांनी त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. पुढे संस्थानांमधल्या पक्षी-पाहण्याही त्यांनी नमुने गोळा करतच केल्या. त्या काळाला आजच्या फूटपट्टीने झोडपणं सोपं आहे, पण त्या कपाटांनी नंतर केलेलं काम विसरून चालणार नाही.

खानदेशातल्या वनपिंगळ्याचंच बघा. पक्षितज्ज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही. मधे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये आपल्याला तो गुजरातेत मिळाल्याची नोंद करून ठेवली होती आणि त्या नोंदीने शोधणाऱ्यांची दिशाभूल केली. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने तपासले तेव्हा उघड झालं की तो पक्षी चोरलेला होता. चिठ्ठी नवी, पण कातडं भरण्याची पद्धत जुन्या संग्राहकाची, जेम्स डेव्हिडसनची. खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या नोंदींचा माग काढत त्या आणि त्यांचे सहकारी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पोहोचले, आणि ११३ वर्षांनी वनपिंगळा जिवंत दिसला. शंभर वर्षांपूर्वी मारलेल्या पक्ष्यांनी आपल्या जातीचा पत्ता सांगितला, असंच म्हणायला हवं.

मग पुढचा नमुना मारायचा का? याचं एक उत्तर पुण्याहून गेलेल्या माणसाने दिलं. रमणा अत्रेय हे पेशाने खगोलशास्त्रज्ञ. अरुणाचल प्रदेशातल्या ईगलनेस्ट परिसरात १९९५ मध्ये त्यांना एक अनोळखी पक्षी ओझरता दिसला होता. २००६ मध्ये तो जाळ्यात सापडला. नव्या जातीचं वर्णन करायचं तर एक पक्षी मारून जपायचा, ही रूढ रीत. पण पाहण्यात आलेले पक्षीच इतके थोडे होते, की एक कमी करणंही परवडणारं नव्हतं. अत्रेय यांनी मोजमापं घेतली, छायाचित्रं काढली, आवाज ध्वनिमुद्रित केला, गळालेली पिसं ठेवून घेतली आणि पक्षी सोडून दिला. तिथल्या बुगुन लोकांच्या नावावरून त्याचं नाव बुगुन लिओसिकला पडलं. वर्गीकरणशास्त्रातल्या काही मंडळींना हा पायंडा धोक्याचा वाटतो, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे: छायाचित्राची पुन्हा चिरफाड करता येत नाही, माइनर्ट्झहागेनसारख्याची चोरीही त्यातून पकडली जाणार नाही. तरीही जिथे जात डझन-दोन डझनांवर आलेली असेल, तिथे हा वाद माझ्या मते अत्रेय यांच्या बाजूने सुटतो. बेडूक, कोळी, मासे यांच्या बाबतीत मात्र तो सुटलेला नाही. पिसांऐवजी लिंगावयवाची रचना पाहिल्याशिवाय कोळ्याची जात सांगता येत नसेल, तर नमुना लागतोच.

सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रसंग मात्र धारवाडचा आहे. १९६० च्या दशकात युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक तिथल्या वानरांचा अभ्यास करत होते. नवा नर टोळी बळकावतो तेव्हा अंगावरची पिल्लं मारली जातात, असं त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी दुसऱ्या एका टोळीतला एकमेव मोठा नर मुद्दाम काढून नेला. शेजारचा नर आला आणि त्या टोळीतली पिल्लं चाव्यांनी मेली. वानरांतल्या शिशुहत्येवर पुढे जेवढं लिहिलं गेलं, त्यात या प्रयोगाचा दाखला येत राहिला. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'मुळे टोळीतल्या या उलथापालथी मराठी वाचकाला परक्या नाहीत. पण त्यातली एक उलथापालथ माणसाने घडवून आणली होती, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. जी घटना निसर्गात आपोआप घडते आणि थांबलं तर पाहता येते, ती घडवून आणण्याची घाई कशासाठी? अबूच्या डोंगरात संशोधक सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात कुठल्याही नराला न हलवता हाच प्रश्न तपासला. वेळ जास्त लागला, इतकंच.

मारणं आणि काढून नेणं मागे पडलं तरी खूण करणं उरलंच, आणि गेल्या काही दशकांतला सगळ्यात मोलाचा पुरावा या खुणांनी दिलेला आहे. राजा पेंग्विनच्या पंखाला धातूची पट्टी बांधून तो लांबून ओळखायचा, ही पद्धत अंटार्क्टिक परिसरात कित्येक वर्षं बिनतक्रार चालू होती. पट्टी लावलेला पेंग्विन चालत होता, पोहत होता, पिल्लं वाढवत होता; त्याला काही होतंय असं दिसत नव्हतं. फ्रेंच संशोधकांनी क्रोझे बेटांवर १०० पेंग्विन घेतले. सगळ्यांच्या कातडीखाली बारीक चिप बसवली, पण पंखाची पट्टी फक्त ५० जणांना लावली आणि १० वर्षं वाट पाहिली. २०११ मध्ये निकाल छापून आला: पट्टीवाल्यांची पिल्लं ३९ टक्क्यांनी कमी आणि जगण्याचं प्रमाण १६ टक्क्यांनी खाली. पाण्यात पट्टीमुळे होणारा विरोध दर फेरीला थोडी थोडी ताकद खात होता. यातली दुसरी खोच जास्त बोचरी आहे. हवामानबदलाचा पेंग्विनवर काय परिणाम होतो याची कित्येक अनुमानं पट्टीवाल्या पक्ष्यांवरूनच काढलेली होती. म्हणजे पक्ष्याचं नुकसान झालंच आणि उत्तरही नासलं.

बेडकांचंही तसंच. ओळख पटावी म्हणून बेडकाच्या बोटांची टोकं ठरावीक क्रमाने कापायची, ही स्वस्त आणि जुनी पद्धत. ऑस्ट्रेलियातल्या मॅकार्थी आणि पॅरिस यांनी २००४ मध्ये जुन्या अभ्यासांचे आकडे पुन्हा मांडले, तेव्हा पहिल्यानंतरच्या प्रत्येक कापलेल्या बोटामागे बेडूक पुन्हा सापडण्याची शक्यता ४ ते ११ टक्क्यांनी घटते असं निघालं. आपण ज्याची संख्या मोजायला निघालो, तीच संख्या मोजण्याच्या पद्धतीने कमी होत होती.

खूण करणंच वाईट, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर २०२१ मध्ये एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पुढच्या वल्ह्याला ०३२३३ क्रमांकाचा धातूचा बिल्ला लावला गेला. जानेवारी २०२५ मध्ये हीच मादी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, या समजाला एका बिल्ल्याने तडा दिला. वेळास-आंजर्ल्याच्या 'प्रथमा' आणि तिच्या सोबतिणींच्या पाठीवर २०२२ मध्ये उपग्रह-यंत्रं बसवली, तेव्हा त्या कुठे जातात हे पहिल्यांदाच कळू लागलं. नागालँडमधल्या अमूर ससाण्यांची गोष्ट तर याहून पुढची. २०१२ मध्ये दोयांग जलाशयाकाठी त्यांची प्रचंड कत्तल उघडकीस आली. पुढच्याच वर्षी तीन पक्ष्यांवर ५-५ ग्रॅमची यंत्रं बसवून त्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी नावं दिली गेली. ज्या पांगती गावाने जाळी लावली होती, त्याच गावाच्या नावाचा पक्षी महाराष्ट्रावरून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत उतरला आणि गाव त्याची बातमी विचारू लागलं. त्या यंत्राचं ओझं पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आसपास होतं. पूर्वी ५ टक्के चालतात असं मानत, हल्ली ३ च्या वर जाऊ नये असं म्हणतात. दोन्ही आकडे अंदाजाचेच आहेत; झाडाझुडपात फिरणाऱ्या आणि हजारो किलोमीटर उडणाऱ्या पक्ष्याला एकच फूटपट्टी लावण्यात काही अर्थ नाही.

पकडण्याचा क्षण हा सगळ्यात नाजूक. चितळ, भेकर, काळवीट यांच्यासारखी सतत पळायच्या तयारीत असलेली जनावरं जाळ्यात अडकली की जिवाच्या आकांताने धडपडतात. स्नायूंत आम्ल साठतं, अंगाचा ताप चढतो, स्नायूंचे तंतू तुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं तुंबतात. जनावर सोडल्यावर उड्या मारत झाडीत जातं, पथक टाळ्या वाजवतं, व्हिडिओ निघतो. मरण त्यानंतर काही तासांनी किंवा काही दिवसांनी येतं, कुणी पाहत नसताना. म्हणून पाठलाग लांबू द्यायचा नाही, उन्हाच्या वेळी हात घालायचा नाही, डोळ्यांवर पट्टी बांधायची, आवाज करायचा नाही, ताप मोजत राहायचा आणि तो चढत असेल तर मोजमापं अर्धवट टाकून सोडून द्यायचं. शेवटची सूचना लिहायला सोपी आहे. महिनाभराची खटपट, भाड्याची गाडी, बोलावलेला पशुवैद्य आणि समोर हवं ते जनावर असताना ती पाळायला वेगळीच छाती लागते. मध्य प्रदेशात चितळांच्या स्थलांतरासाठी वापरतात ती बोमा पद्धत याच अनुभवातून रुळली: रुंद तोंडाच्या, हिरव्या पडद्यांनी झाकलेल्या नरसाळ्यातून कळप कुणाचा हात न लागता थेट वाहनात जातो.

मध्य प्रदेशातल्याच कुनो राष्ट्रीय उद्यानातल्या चित्त्यांच्या रेडिओ-कॉलरची कथा याच वळणाची. जुलै २०२३ मध्ये दोन नर मेले. कॉलरखाली जखमा, जखमांत अळ्या. सुरुवातीला कॉलरचा संबंध अधिकृतपणे नाकारला गेला, पण पुढे इतर चित्त्यांना पकडून कॉलर उतरवून तपासावं लागलं. दक्षिण गोलार्धातून आलेल्या या जनावरांच्या अंगावर त्यांच्या मूळ ऋतूचक्राप्रमाणे हिवाळ्याची दाट लव चढली होती, ती नेमकी आपल्या पावसाळ्यात. ओली लव, वर घट्ट पट्टा, खाज, माशी. आफ्रिकेत हीच कॉलर वर्षानुवर्षं निर्धोक वापरलेली होती. उपकरण सुरक्षित आहे हे कुठे आणि कुठल्या ऋतूत, या दोन प्रश्नांशिवाय सांगता येत नाही, हा धडा महागात पडला.

याउलट टिपेश्वरहून निघून ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेलेल्या 'वॉकर' वाघाचा २०१९ मधला प्रवास कॉलर नसती तर कुणाला कळलाच नसता. शेतं, रस्ते, नाले ओलांडत एक तरुण वाघ दोन राज्यांतून कसा मार्ग काढतो, हे समोर आल्यावर जोडमार्गांची चर्चा हवेतली राहिली नाही. काम झाल्यावर त्याची कॉलर काढलीही गेली, आणि हे काढणं योजनेतच धरलेलं असणं महत्त्वाचं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अभ्यासलेल्या 'आजोबा' बिबट्याचा प्रवासही कॉलरमुळेच कळला. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून २००९ मध्ये काढलेला हा बिबट्या कॉलर घालून माळशेज घाटात सोडला आणि सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचला. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाने त्याला उडवलं.

आजोबाच्या आधीचा जुन्नरचा अनुभव या सगळ्या चर्चेत फार मोठा आहे, कारण तिथे वाईट हेतू कुणाचाच नव्हता. उसातला बिबट्या पकडून लांब 'त्याच्या घरी', म्हणजे जंगलात, सोडणं हा दयेचा मार्ग वाटत होता. मोहीम सुरू होण्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. २००१ ते २००३ या काळात ते १७ वर गेले. पकडताना तुटलेले दात, पिंजऱ्यातले दिवस, अनोळखी मुलूख, आधीच तिथे असलेला दुसरा नर. असं जनावर माणसाजवळ आलं तर नवल कसलं. उसाचा फड हेच त्याचं घर होतं, हे अकोले तालुक्यातल्या अभ्यासाने पुढे दाखवून दिलं. जनावराचं भलं कशात आहे ते आपण ठरवून टाकणं, हाही त्याच्या अंगावर धावून जाण्याचाच एक प्रकार.

हात न लावता अभ्यास करायच्या पद्धती म्हणूनच झपाट्याने वाढल्या. ठशांवरून वाघ मोजण्याची रीत सरोजराज चौधरींनी ओडिशात १९६६ मध्ये बसवली. ती जनावराला काडीचाही त्रास देणारी नव्हती. दोष होता तो आकड्यांत, आणि सरिस्कातले वाघ संपल्याचं उघड झाल्यावर ती राष्ट्रीय पातळीवर मागे पडली. उल्लास कारंथ यांनी नागरहोळेत वापरात आणलेले ट्रॅप कॅमेरे आले. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रं निघाली. विष्ठेतून जनुकं, केसांवरून ओळख, पाण्याच्या नमुन्यातून माशांची यादी, हे सगळं आता आपल्याकडच्या प्रयोगशाळांत होतं.

पण 'हात न लावता' म्हणजे 'त्रास न देता' नव्हे. ट्रॅप कॅमेऱ्यांचा आवाज आणि झगमगाट जनावरांना ऐकू येतो आणि दिसतो, हे मोजून दाखवलेलं आहे. कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारे बिबटे आपण कौतुकाने छापतो, त्यांना तिथे काहीतरी आहे हे कळलेलं असतं म्हणूनच ते पाहतात. अमेरिकेत मिनेसोटातल्या काळ्या अस्वलांच्या अंगात हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बसवून त्यांच्यावरून ड्रोन उडवले, तेव्हा बहुतेक अस्वलं जागची हललीही नाहीत. एकाचे ठोके मात्र मिनिटाला १२३ ने वाढले होते. २०१५ च्या या अभ्यासानंतर 'बघा, त्याला काहीच फरक पडत नाही' हे वाक्य कुणी म्हटलं की मी त्याला हा आकडा सांगतो. आणि कॅमेरे फक्त जनावरांना पाहत नाहीत. कॉर्बेटच्या जंगलात सरपणाला जाणाऱ्या बायकांना त्यांनी कसं धास्तावून सोडलं, हे संशोधक त्रिशांत सिमलई यांनी २०२४ मध्ये लिहिलं. वाघाचा मान राखायचा आणि मोळीवालीचा नाही, हा हिशेब कुठल्या नीतीत बसतो?

जनावरं आपल्याला सरावली म्हणजे झालं, असंही एक मत असतं. जेन गुडॉल यांनी १९६० मध्ये टांझानियातल्या गोंबेत काम सुरू केलं. चिंपांझींना नावं देणं आणि स्वतंत्र व्यक्ती मानणं हे त्यांचं देणं कुणी नाकारत नाही. पण जवळून पाहता यावं म्हणून केळी देणं सुरू झालं तेव्हा एकाच जागी गर्दी आणि मारामाऱ्या वाढल्या, आणि पुढे ते आवरावं लागलं. १९६६ मध्ये तिथे पोलिओसारख्या साथीने चिंपांझी लुळे पडले. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात सरावलेल्या चिंपांझींना मारणाऱ्या श्वसनरोगाचे विषाणू माणसांकडून आलेले होते, हे २००८ मध्ये सिद्ध झालं. आता तिथे मास्क, ठरलेलं अंतर आणि बाहेरून येणाऱ्याला सक्तीचा विलगवास आहे. गंमत अशी, की त्याच अभ्यासात संशोधकांच्या वावरामुळे चोरटी शिकार कमी असल्याचंही आढळलं. सर्दी नेणारा माणूस आणि बंदूकवाल्याला दूर ठेवणारा माणूस एकच असेल तर त्याने जावं की न जावं, याला सरधोपट उत्तर नाही.

आपल्याकडे पायी फिरून होणाऱ्या गणनेत अंतराचा हिशेब रोजचा असतो. पहाटे दोघं-तिघं ठरलेल्या रेषेवर चालतात: पुढे वनरक्षक, मागे नोंद करणारा, हातात होकायंत्र आणि अंतरमापक. चितळांचा कळप दिसला की तो होता त्या जागेचं अंतर आणि कोन घ्यायचा. बोलत, पाचोळा तुडवत गेलात तर कळप आधीच सरकतो, अंतर चुकतं, आणि त्या अंतरावरून काढलेली घनताही चुकते. शांतपणे चालण्याचा नियम नम्रतेचा वाटतो, पण तो गणिताचा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबाच्या गाभा क्षेत्रात अशाच पाहणीवर असलेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ठार केलं. वाघीण सुमारे २०० मीटरवर बसलेली पथकाला दिसली होती. बराच वेळ थांबून ते वळसा घालून पुढे निघाले होते. त्यात बेपर्वाई नव्हती. रेषा पूर्ण करायची असते, ही सक्ती मात्र होती, आणि 'जनावर रस्त्यात असेल तर आजची रेषा रद्द' असं म्हणण्याचा अधिकार तळच्या माणसाला कागदावरच नव्हे तर खरोखर असायला हवा.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणात बसून होणाऱ्या गणनेला आता विज्ञान म्हणून कुणी धरत नाही. वन विभागच त्याला निसर्गानुभव म्हणतो. तरी तिथले नियम चांगले आहेत: मळखाऊ कपडे, अत्तर नाही, विजेरी नाही, रात्री खाली उतरायचं नाही. पाणवठ्यावर आलेलं जनावर तहानेने आलेलं असतं, त्याला परत फिरायला लावलं तर मे महिन्यात त्याचा हिशेब वेगळा होतो.

आज खरा प्रश्न परवानेवाल्या संशोधकांचा राहिलेलाच नाही. पावसाळ्यात आंबोलीला रात्री जाऊन पाहा. एकेका बेडकावर चार-चार विजेऱ्या, उडत्या बेडकाला उचलून 'चांगल्या' पानावर बसवणारे हात, त्या हातांना डास पळवायचं मलम, आणि बेडूक कातडीतून पाणी पितो, श्वासही घेतो. हिरव्या चापड्याला काडीने वळवून तोंड कॅमेऱ्याकडे केलं जातं. आंबोलीचा भेक जगात फक्त याच डोंगरावर आहे, आणि बेडकांना मारणारी बुरशी बुटांच्या चिखलातून एका ओढ्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. बूट धुऊन, वाळवून येणारे किती असतील? पिंगळ्याला, रातव्याला फोनवर त्याचाच आवाज ऐकवून बाहेर काढणं तर इतकं अंगवळणी पडलंय, की मेळघाटात वनपिंगळा पाहायला आलेल्याला तो आवाज न वाजवता बसून राहायचं सुचतच नाही. पक्ष्याच्या बाजूने पाहिलं तर त्याच्या हद्दीत दुसरा नर शिरलाय. तो खाणं सोडतो, घरट्यावरून उठतो, येतो आणि कुणीच सापडत नाही. घरट्यांचे फोटो न छापण्याचं धोरण बऱ्याच प्रकाशनांनी आणि गटांनी स्वीकारलं, ते योग्यच. पण स्पर्धा आणि लाइक त्या धोरणाला विचारत नाहीत.

ठिकाण जाहीर करण्याचा मुद्दा संशोधकांनाही लागू आहे. चीनमधल्या एका देखण्या पालीचं वर्णन १९९९ मध्ये सापडल्या जागेसकट प्रसिद्ध झालं. तोच शोधनिबंध पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी नकाशासारखा वापरला आणि मूळ जागेवरची पाल संपली. २०१७ मध्ये लिंडेनमेयर आणि शील यांनी 'सायन्स'मध्ये उघडच लिहिलं, की काही नोंदी छापूच नयेत. ई-बर्डसारखं व्यासपीठ संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा आता झाकतं. सह्याद्रीतल्या पाली, कोळी आणि ऑर्किडं यांच्याबाबत हीच शिस्त लागेल, आणि ती लावताना 'सगळी माहिती सगळ्यांना खुली' या सुंदर तत्त्वाला थोडी मुरड घालावी लागेल. मला ती मंजूर आहे.

नियमांची बाजू लंगडी आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरासाठी प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली समिती आहे, तिचे अर्ज आहेत, पिंजऱ्याचं माप ठरलेलं आहे. रानातल्या भेकराबाबत भर असतो तो कुठली जात, किती, कुठे आणि कधी यांवर. कसं हाताळणार आणि काय बिघडलं, याच्या चौकशीत तसा जोर नसतो. उत्तर अमेरिकेतल्या पक्षी-कडी केंद्रांनी आपापल्या वह्या एकत्र केल्या तेव्हा, २०१२ मध्ये, जाळ्यातल्या इजांचं प्रमाण ०.५९ टक्के आणि मृत्यूंचं ०.२३ टक्के निघालं. आकडे लहान आहेत, आणि लहान आहेत हेही मोजल्यामुळेच कळलं. कुठल्या केंद्रात जास्त, कुठल्या पक्ष्यांत जास्त, हेही कळलं. आपल्याकडच्या शोधनिबंधात किती पकडले ते हमखास असतं, किती दगावले ते क्वचित. परवाना पुढच्या वर्षी नाकारला जाईल ही भीती त्यामागे आहे आणि ती खोटी नाही. मृत्यूची नोंद देणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला मुदतवाढ, हे उलटं गणित वन विभागानेच बदलायला हवं.

आणि हे सगळं प्रत्यक्ष करतं कोण? जाळ्यातला पक्षी सोडवणारे हात बहुतेकदा मजुरीवर आलेल्या कातकरी, कोरकू, गोंड किंवा महादेव कोळी तरुणाचे असतात. वाऱ्याची दिशा, रानडुकराचा राग, अस्वलीण पिलांसह असेल तर कुठून फिरायचं, हे त्याला शोधछात्रापेक्षा जास्त कळतं; वाघोबाच्या ठाण्यापाशी नारळ ठेवून तो पुढे जातो ते अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेणारे शहरी पाहुणे त्याच्याच मागे चालत सुखरूप परततात. प्रशिक्षण शिबिरं मात्र शोधछात्रांसाठी भरतात, विमा त्यांचा उतरतो, आणि शोधनिबंधाच्या शेवटी 'स्थानिक साहाय्यकांचे आभार' एवढ्यावर त्याची बोळवण होते.